भेगासाहेबांची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. अंधारात लावतात ना, ती. पत्र्याची, तीन सेलांची, मानेला पोचा पडलेली. नुसतं बटण दाबून माझं भागत नाही, वर एक चापट मारावी लागते. पण एकदा पेटले की मोबाइलच्या त्या फिक्या उजेडाला मी हिंग लावून विचारत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात माझ्यासारख्या रोज शेकडो बनायच्या. त्यातली मी एका इमारत तपासनिसाच्या हाती पडले, हे माझं भाग्यच. कुठली इमारत राहण्याजोगी आणि कुठली रिकामी करायची, हे ते ठरवत. कचेरीत सगळे त्यांना भेगासाहेब म्हणत. ते मला भिंतीवर समोरून कधी मारत नसत. भिंतीला टेकवून आडवी धरत. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत आडव्या उजेडात सगळं कबूल करते: कुठे फुगली, कुठे तडकली, कुठे ओल मुरली. सव्वीस वर्षं आम्ही दोघांनी तळघरं आणि गच्च्या पालथ्या घातल्या.

एकदा चित्रांच्या एका दालनात ओल बघायला गेलो. भिंतीवरून सरकता सरकता माझा उजेड शेजारच्या चित्रावर गेला आणि साहेब थबकले. समोरून शांत दिसणारं तळं आडव्या उजेडात नुसतं उसळत होतं! ब्रशचा एकेक फटकारा वेगळा दिसत होता. ओल राहिली बाजूला, साहेब पाऊण तास तिथून हलले नाहीत.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी नोकरी सोडली. आता चित्रांवर लिहिणार म्हणाले. कचेरीने त्यांना वेड्यात काढलं. बायको मात्र म्हणाली, "नाहीतरी घरी येऊनही भिंतीच बघता. चित्रं बघा, निदान रंग तरी असतील." काय बाई आहे! अशी माणसं घरात असली की मोठमोठी धाडसं होतात.

मी मात्र टेबलाच्या खणात जाऊन पडले. दालनात दिवे असतात, तिथे माझं काय काम? सेल पोटातच पाझरले, आत हिरवट कीट चढलं. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

साहेबांचा पहिला लेख छापून आला, तो एका चित्रकार बाईंच्या पहिल्याच प्रदर्शनावर. दोष एक ते अकरा, आकडे घालून. लोकांनी मिटक्या मारत वाचला. साहेबही दोन दिवस ताठ मानेने फिरले. मग एक दिवस चित्रांच्या चौकटी बनवणारा सुतार भेटायला आला. "साहेब, त्या बाईंनी ब्रश गुंडाळून ठेवले. सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी केलीत. परत काढणार नाही म्हणतात."

साहेबांनी तो लेख बायकोपुढे ठेवला. बायकोने लेख पुन्हा वाचला आणि चष्मा काढला. "इमारतीच्या अहवालात तुमचं पहिलं पान काय असायचं?"

"काय शाबूत आहे ते. कुठला खांब भार पेलतोय."

"मग ते पान इथे कुठे आहे?"

साहेब उठून टेबलापाशी आले. मग त्यांनी खण उघडला. पॉलिश पेपरने माझं कीट खरवडलं, नवे सेल घातले आणि चापट मारली. मी लागले! दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाईंच्या दारात हजर.

बाईंनी दार उघडलं, पण वाट काही सोडली नाही. "मी काय भिंत आहे, ओल शोधायला आलात ते? इमारत कोसळली तर माणसं मरतात. माझं चित्र कुणाच्या डोक्यात पडणार होतं?"

"खरं आहे, ताई," साहेब म्हणाले. "चुकलो मी. एकच चित्र सरळ करून बघू का? मग जातो."

त्यांनी दोष क्रमांक चार सरळ केला. भाजी निवडणारी एक म्हातारी. 'हातावर रंगाचा थर जाड व ओबडधोबड', असं साहेबांनी लिहिलं होतं. त्यांनी मला चौकटीला टेकवून आडवं धरलं. त्या हाताखाली दुसरा हात दिसला, त्याच्याखाली आणखी एक. खरवडलेल्या रेघांवर रेघा.

"हे कितीदा काढलंत?"

"सात वेळा काढून खरवडलं." बाईंनी चित्रातल्या बोटांवर बोट टेकवलं. "आईचा हात आहे. ती गेली, आणि बोटं कशी वळायची तेच आठवेना. आठव्यांदा आठवलं."

साहेबांनी मला खाली ठेवलं. "हे मी विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. मग त्यांनी वही काढली आणि बाईंच्या देखत एकेका चित्राचं पहिलं पान लिहायला घेतलं: काय शाबूत आहे. दुपार झाली तरी संपेना. निघताना बाईंनी विचारलं, "आणि ते बाकीचे दहा दोष?"

"त्यातले सहा खरेच आहेत," साहेब म्हणाले. बाई पहिल्यांदा हसल्या. "मग गुरुवारी या. एकेक बघू."

तेव्हापासून गुरुवार ठरलेला. आता बाईंबरोबर आणखी चार-पाच नवे चित्रकार येतात. साहेब आधी विचारतात, मग बघतात, मग पुन्हा विचारतात, आणि लिहितात सगळ्यात शेवटी. एवढा जाणकार माणूस स्वतःची चूक दर नवख्याला न लाजता सांगतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

बाईंचं दुसरं प्रदर्शन सध्या चालू आहे. त्या म्हातारीच्या चित्राशेजारी बाईंनी खिळा ठोकला आणि साहेबांकडून मला मागून घेऊन तिथे दोरीने टांगलं. येणारे मला उचलतात, चापट मारतात, आडवी धरतात आणि हाताखालचे हात मोजू लागतात.

मित्रांनो, तुम्हीही या. मला हवं तेवढं हाताळा, फक्त समोरून मारू नका. आणि कुणी आपलं काम तुमच्यापुढे ठेवलं, तर दोष मोजण्याआधी विचारा, हे कितीदा काढलंस? आणि हो, बघून झालं की बटण बंद करा. मला अजून खूप हात बघायचेत.