ट्रकवाले काका कुठे पडले?

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. खरं म्हणजे आम्ही दोघी जुळ्या बहिणी. पण बडबडी मीच, म्हणून गोष्टही मीच सांगते. एका सुतारकाकांनी आम्हांला घडवलं. काखेत रुतू नये म्हणून वर गादी लावली, घसरू नये म्हणून खाली रबर बसवलं आणि गल्लीतल्या दवाखान्याला देऊन टाकलं. ज्याचा पाय मोडेल त्याच्या घरी जायचं आणि हाड जुळलं की परत यायचं, हेच आमचं आयुष्य. कुणी प्रेमाने पुसून ठेवी, तर कुणी आमच्यावर ओले टॉवेल वाळत घाली. पण माझ्या आधाराने कुणी पहिलं पाऊल टाकलं की मी सगळं विसरून जाई.

असंच एकदा आम्हांला ट्रकवाल्या काकांकडे नेलं. काकांनी जन्मभर घाटातून ट्रक हाकला, पण अंगावर ओरखडा नाही. आणि पडले कुठे? स्वयंपाकघरात! फळीवरचा डबा काढायला डगमगत्या स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. घोटा मोडला. गल्लीत मात्र त्यांनी सांगितलं, "ट्रकवरून उतरताना पाय सटकला." लोकांनीही मान डोलावली.

त्याच सुमारास देशभर एक पाहणी चालली होती. लोकांना इजा कुठे होते, कशी होते, हे विचारत एक ताई घरोघर फिरत होत्या. त्या काकांकडे आल्या. मी खाटेला टेकून उभीच होते.

"काका, कुठे पडलात?"

"रस्त्यावर," काका छताकडे बघत म्हणाले.

काकूंना राहवलं नाही. "अहो, रस्ता काय आपल्या स्वयंपाकघरातून जातो?"

काकांचा चेहरा पडला. ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, लाजेपोटी सगळेच रस्त्यावर पडले, तर घरं कोण दुरुस्त करणार?"

मग काकूच हळू आवाजात म्हणाल्या, "माझा हात मुरगळला होता ना, तो न्हाणीघरात पडून. दळणाचा डबा उचलताना मुरगळला, असं मी खोटंच सांगितलं."

तेवढ्यात कोपऱ्यातून काकांच्या आई, म्हणजे आजी, बोलल्या. "मीपण तिथेच पडलेय. दोनदा. कंबर अजून ठणकते. म्हटलं, लेकाच्या जिवाला घोर नको."

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ताई गेल्यावर ते आम्हां दोघींना घेऊन न्हाणीघराच्या दारात गेले आणि त्या बुळबुळीत फरशीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुतारकाकांना बोलावून भिंतीला भक्कम दांडा ठोकून घेतला आणि फरशी खरखरीत करून घेतली.

पुढे पाहणीचे पहिले निष्कर्ष रेडिओवर सांगितले. आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त माणसं घरातच जखमी होतात; म्हातारी माणसं न्हाणीघरात, रांगती मुलं चुलीजवळ. ते ऐकून काका म्हणाले, "म्हणजे मी एकटाच येडा नाही तर!" तेव्हापासून ते ट्रकवाल्या मित्रांनाही स्वतःची फजिती रंगवून सांगू लागले. हसता हसता कितीतरी घरांत दांडे लागले.

आणि एका सकाळी आजींचा पाय पुन्हा सटकला. धडपडत हात दांड्यावर गेला आणि त्या तोल सावरून उभ्या राहिल्या. थरथरत, पण हसत ओरडल्या, "अरे, तुझा दांडा पावला रे मला!"

घोटा बरा झाल्यावर काकांनी आम्हांला नवं रबर बसवून, पुसून परत पाठवलं. सुतारकाका, ताई, त्या घरातली माणसं, सगळ्यांची मी ऋणी आहे.

मित्रांनो, घरात कुणी पडलं तर आधी उठवा, मग खुशाल हसा. आणि तुम्ही पडलात तर लपवू नका. आजी बोलायला धजल्या, म्हणून आज त्या आपल्या पायांनी दारात येऊन ऊन खातात. त्यांना माझी गरजच पडली नाही. माझं याहून मोठं भाग्य ते कोणतं?