हात केला की थांबायचं

ड्रायव्हरचा उजवा पाय पलंगाच्या लोखंडी दांडीवर पुन्हा दणकला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कूस बदलत पुटपुटला, "जित्याची खोड..." आणि तिथेच गप्प झाला, कारण ड्रायव्हरच्या बायकोने त्याच्याकडे असं काही पाहिलं की म्हण अर्धीच राहिली. एरवी तीच म्हण तिने नवऱ्याला उठता-बसता ऐकवली होती. आज मात्र तिचा शेवट तिला कुणाच्याच तोंडून ऐकायचा नव्हता.

खोड तर होतीच. जन्मभर रात्रीची लांब पल्ल्याची बस चालवलेला हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसला की बसल्या जागी ब्रेक दाबायचा. जावयाच्या गाडीत त्याच्या पायाखालची चटई भोक पडेपर्यंत झिजली होती. सासऱ्यांना आणायला जायचं म्हटलं की जावई बिचारा आदल्या दिवशीच घामाघूम. आता गाडी नव्हती, रस्ता नव्हता, नुसती खाट होती. तरी पोटातल्या गाठीतून कळ उठली की पाय आपोआप दांडीवर जाऊन बसायचा.

थोड्या वेळात ऑपरेशनला न्यायला माणूस येणार होता आणि ड्रायव्हर म्हणत होता, "मी जात नाही. घरी चल."

डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नव्हता. गाठ काढली तर आशा आहे, नाही काढली तर नाही. हे त्यालाही ठाऊक होतं.

बायकोने पाण्याची बाटली उचलली, होती तिथेच ठेवली. टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली. दारापर्यंत जाऊन आली.

"कापायची भीती नाही गं," तो म्हणाला. "कापू देत. पण भूल देणार ना? एकदा डोळे मिटले की माझ्या हातात काय राहिलं?"

"डॉक्टर आहेत की."

"आणि उघडलेच नाहीत तर? पुढे कुणाच्या भरवशावर जायचं?"

"देव आहे," ती म्हणाली खरी, पण आवाजात जोर नव्हता. सकाळपासून ती मनातल्या मनात त्यालाच विनवत होती आणि एक शब्द दुसऱ्याला लागत नव्हता.

ड्रायव्हर हसला आणि लगेच त्याने पोट धरलं. "त्याची-माझी ओळख कुठे? मी कधी हात जोडले? दोन्ही हात कायम स्टिअरिंगवर. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे गाढवच हरीचे पाय धरायला निघालंय. आता अडलं म्हणून जायचं? लाज वाटते."

तिला संताप आला. गाठीचा आला, देवाचा आला आणि सगळ्यांत जास्त या मानी माणसाचा आला. शेजारून वाटीभर साखर मागायची तरी हा लाजणार. मरायची वेळ आली तरी ताठा काही जात नाही!

"तुमच्या गाडीत माणसं झोपायची ना?" तिने एकदम विचारलं.

"घोरायची."

"तुमचं तोंड पाहिलेलं असायचं त्यांनी?"

"ड्रायव्हरचं तोंड कोण बघतं? पाठ दिसली तर दिसली."

"आणि घाटातल्या वळणांवर?"

"तिथेच तर गाढ झोपायचे लेकाचे." एवढं म्हणताना त्याचा चेहरा जरा उजळला.

"बरं. थांबा नसताना मध्येच कुणी हात केला तर?"

"थांबायचो. कंडक्टर बोंबलायचा, गाडी भरलीय, उशीर झालाय. बोंबलू दे. अंधारात एकटा माणूस उभा आहे. हात केला की थांबायचं."

"याआधी माझ्या गाडीत बसला होतास का, असं विचारायचात?"

"काहीतरीच काय!"

"मग तो वरचा काय तुमच्याहून कोत्या मनाचा आहे?"

बोलून झाल्यावर तिची तीच दचकली. हे तिने ठरवलेलं नव्हतं, कुठून तरी तोंडात आलं होतं. तिचे डोळे भरले आणि तिने पुन्हा टॉवेलची घडी मोडली.

ड्रायव्हरने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग लहान मुलासारखं हळूच म्हणाला, "त्याला डुलकी लागली तर? मला लागायची कधीमधी."

"मग दाबा ब्रेक. तेवढीच मदत त्याला."

तो इतका हसला की शेजारचा म्हातारा उठून बसला.

माणूस ट्रॉली घेऊन आला. तो ढकलायला डोक्यामागे उभा राहिला, त्यामुळे ड्रायव्हरला तो दिसेचना. त्याने मान वर करकरून पाहिलं, मग नाद सोडला. "वळणावर हळू घे रे बाबा."

"काळजी नको, काका," मागून आवाज आला.

ती बाजूने चालत राहिली. पहिल्या वळणावर चादरीखाली पाय दाबला गेला. दुसऱ्या वळणावरही. मोठ्या दारापाशी तिला थांबावं लागलं. दार उघडलं, ट्रॉली आत शिरली आणि चादरीतून त्याचा उजवा हात वर आला. आपला निरोप घेतोय असं तिला वाटलं. पण त्याने मागे पाहिलंच नाही. तळवा पुढे होता, जरासा बाजूला झुकलेला, रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं करतात तसा. दार मिटलं.

लेक अजून वाटेत होती. बायको बाकावर बसली, उठली, पाणी प्यायली, परत बसली. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय जातं! आतून कुणीच बाहेर येत नव्हतं. मग तिला धप् धप् असा आवाज ऐकू आला. पाहते तर तिचाच उजवा पाय फरशी दाबत होता. जिने उभ्या जन्मात सायकलही चालवली नव्हती, तिचा! तिने पायाला दटावलं. तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग लाजत लाजत हात वर केला, खांद्यापर्यंत.

समोरून जाणारी नर्स थांबली. "काय हवंय, मावशी?"

"काही नाही गं बाळ. तुला नव्हता केला."

नर्स गेली. तिने हात खाली घेतला नाही.