मुंगीची बाटली

मी पाण्याची बाटली बोलतेय. अॅल्युमिनियमची, फिरकीच्या झाकणाची, पोटाला एक पोचा पडलेली. माझ्यासारख्या कितीतरी तुम्ही पाहिल्या असतील आणि एकही लक्षात ठेवली नसेल. त्याचं मला काही वाटत नाही. मला डाचतं ते वेगळंच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला मोकळं वाटायचं नाही.

मला एका वजनकाट्याचा हेवा वाटतो.

कारखान्यात एका चपट्या चकतीला दाबून दाबून मला लांब केलं, मान आवळली, झाकण बसवलं. दुकानातून मला उचललं ते एका तरण्या बॉक्सरनं. नाक मोडलेलं, हसणं मात्र लहान पोराचं. पहिली मोठी लढत जिंकून घरी आला तेव्हा आनंदाच्या भरात मी त्याच्या हातातून सुटले आणि जिन्याच्या सगळ्या पायऱ्या वाजवत खाली गेले. हा पोचा तेव्हाचा. मला तो दागिन्यासारखा वाटतो.

पुढे त्याचे गुडघे गेले. मग तो शिकवायला लागला. एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्याची बॉक्सिंगची खोली होती. खालून वाफ यायची, भिंती सदा उबदार. त्याची बहीण खाली इस्त्रीला उभी असायची आणि तिची पोर कपड्यांच्या गाठोड्यांवर खेळायची. एक दिवस ती पोर स्वतःएवढं गाठोडं डोक्यावर घेऊन जिना चढून वर आली.

"अगं, ही तर मुंगी आहे," तो म्हणाला. नाव तेच पडलं.

मुंगी पहिली लढत जिंकली तेव्हा मामानं मला तिच्या हातात दिलं. "घे. झाकण घट्ट लाव, नाहीतर पिशवी भिजेल आणि तुझी आई मला इस्त्री करेल."

ते दिवस माझे होते. दोरीवरच्या उड्या झाल्या की ती धावत यायची आणि घटाघटा प्यायची. उरलेलं डोक्यावर ओतायची. लढतीत दोन फेऱ्यांच्या मध्ये मामा मला तिच्या तोंडाशी धरायचा आणि म्हणायचा, "गुळणी कर. थुंक. गिळू नकोस, पोट जड होईल." तिचा गरम श्वास माझ्या तोंडात शिरायचा. त्या क्षणी आख्ख्या सभागृहात तिला माझ्याशिवाय कुणी नसायचं.

मग तो आला.

पांढरा, गुळगुळीत, काचेच्या खिडकीत सुई थरथरणारा. मुंगीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढत ठरली होती. जिंकली असती तर देशाच्या संघात तिची जागा पक्की होती. पण त्यासाठी तिला खालच्या वजनगटात बसायचं होतं. त्या गटात तिचे हात सगळ्यांत लांब ठरले असते. म्हणून मामानं वजनकाटा आणला. खोलीतली सगळ्यात चांगली जागा त्याला दिली, खिडकीखाली, उजेडात. त्या जागी आधी मी असायचे.

सकाळी आल्या आल्या ती त्याच्यापाशी जायची. चपला काढायची, केसातली पिनसुद्धा काढायची आणि श्वास रोखून उभी राहायची. तो काहीतरी आकडा दाखवायचा, आणि त्यावर तिचा दिवस ठरायचा. आकडा चांगला असला तर ती त्याच्या काचेवरून बोट फिरवायची. माझ्याकडे बघून म्हणायची, "आत्ता नको."

आत्ता नको! माझ्या पोटात पाणी होतं, तरी आग लागली. त्यानं तिला काय दिलं होतं? एक घोटसुद्धा नाही. नुसता तोरा!

"आता नखंही काप, म्हणजे झालं," मामा चेष्टेनं म्हणाला. तिनं खरंच कापली.

निघायच्या सकाळी वजन अगदी बरोबर होतं. खाली फरशीवर ठेवलेल्या त्या साहेबांनी तसं सांगितलं, म्हणून सगळे खूश. बॅग भरली. त्याला दोन टॉवेलांत गुंडाळून मऊ कपड्यांच्या मधोमध झोपवलं. मला बाहेरच्या जाळीत खोचलं. बसच्या दांडीवर मी सगळा रस्ताभर आपटत होते.

विमानतळावर तर कहर झाला. तपासणीच्या माणसानं मला उघडून हुंगलं आणि मुंगीला म्हणाला, "हे ओता." तिनं मला कुंडीवर उलटं धरलं. त्याच माणसानं टॉवेल उलगडून वजनकाटा पाहिला आणि परत नीट गुंडाळत म्हणाला, "सांभाळून हं, काच आहे." मी रिकामी, उलटी, आणि त्याला "सांभाळून"!

विमान सुटायला उशीर झाला. सगळे खुर्च्यांवर बसून राहिले. बरोबर मुंगीची आईही होती, तिचा हा पहिलाच विमानप्रवास.

"एवढ्याशा खुर्चीत गुडघे आवळून बसायला विमान कशाला हवं? आपली बस काय वाईट होती?" आत बसल्यावर ती म्हणाली.

"ताई, बस तिथे परवा पोचली असती."

"मग परवा पोचलो असतो. पोरीनं दोन घास तरी खाल्ले असते."

मुंगीचे ओठ कोरडे पडले होते. उतरताना तिचे बूट पायात जाईनात. मामानं तिच्या घोट्यावर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला.

"प्रवासात अंग पाणी धरून ठेवतं," तो म्हणाला. "पोटही साफ होत नाही. आज काटा थोडा वर दिसेल, घाबरू नकोस."

हे त्याचं बोलणं खरं होतं. पुढचा सगळा घोटाळा त्या खरेपणानंच केला.

राहायची खोली आयोजकांनी दिली होती. दारापासून भिंतीपर्यंत जाड, मऊ गालिचा. असल्या खोलीत तिघंही कधी राहिले नव्हते. आईनं चपला बाहेरच काढल्या. मुंगी वजनकाटा घेऊन न्हाणीघराकडे निघाली, तर मामा म्हणाला, "ओल्यात कशाला? इथे ठेव, चांगल्या जागी." आणि त्यानं तो गालिचाच्या मधोमध ठेवला. वजनकाट्याचे चारही पाय मऊ लोकरीत रुतले. मी टेबलावरून पाहत होते. घरी त्याचं पोट फरशीपासून बोटभर वर असायचं. इथे ते गालिचाला टेकलं होतं.

मुंगी उभी राहिली. सुई दीड किलो जास्तीवर गेली.

मामा म्हणाला, "म्हटलं होतं ना. प्रवासाचं पाणी. काढू."

"घरी बरोबर होतं रे," आई म्हणाली. "पाण्याच्या थेंबाशिवाय दीड किलो कुठून येईल?"

"ताई, मी हे सगळं करून बसलोय."

खाली स्पर्धेचा मोठा काटा होता, पण तो सकाळीच उघडणार होता. मग मुंगीनं दोन स्वेटर चढवले, वर प्लास्टिकचा रेनकोट, आणि त्या खोलीत दोरीवर उड्या मारत सुटली. घाम आटला तेव्हा तिनं च्युइंगम तोंडात टाकलं, मला जवळ ओढलं, झाकण उघडलं, आणि माझ्यात थुंकली.

पुन्हा थुंकली. थुंकतच राहिली. अंगातलं पाणी असंही काढतात, हे मला तेव्हा कळलं. ज्या तोंडाला मी आयुष्यभर पाणी दिलं, ते तोंड आता आपलं उरलंसुरलं पाणी माझ्यात टाकत होतं. आणि दर थोड्या वेळानं ती उठून त्याच्यावर उभी राहायची. सुई किंचित हलायची. ती त्याच्याकडे बघून हसायची! मला वाटलं, टेबलावरून गडगडावं आणि त्याच्या काचेवर जाऊन पडावं. पण मला ढकलणारं कुणी नव्हतं.

आईला बघवेना. तिनं मला न्हाणीघरात नेलं, साबणानं घासलं, तीनदा विसळलं, गार पाण्यानं काठोकाठ भरलं आणि मुंगीसमोर धरलं.

"पी. नाही बसलीस त्या गटात तर नाही बसलीस. वरच्या गटात खेळ."

"आई, वरच्या गटात मला कुणी ओळखत नाही."

"मी ओळखते."

मुंगीनं मला हातात घेतलं. गार पोट गालाला लावलं, मग कपाळाला. झाकण उघडलं. माझा जीव माझ्या तोंडाशी आला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि उठून मला बेसिनमध्ये ओतून टाकलं.

मी तिच्यावर रागावले नाही. सगळा राग त्याच्यावर.

सकाळी वजनाच्या रांगेत मी आईच्या हातात होते. मुंगी स्पर्धेच्या काट्यावर चढली. साध्या सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेला तो काटा. पंचानं आकडा वाचला. मर्यादेपेक्षा किलोभर कमी.

शेजारच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मामाचा चेहरा पांढरा पडला.

खोलीत आल्यावर आईनं मला भरलं आणि आता मुंगी प्यायली. केवढी वाट पाहिली होती मी या घोटांची! पण पोटानं ते घेतलं नाही. ती धावत न्हाणीघरात गेली, सगळं बाहेर आलं. मग घोट घोट, थांबून थांबून. घास तर गिळलाच जाईना.

ती पडून राहिली तेव्हा मामानं वजनकाटा उचलला. न्हाणीघरातल्या फरशीवर ठेवला, उभा राहिला. बाहेर आणून गालिचावर ठेवला, उभा राहिला. सुई वर गेली. मग पलंगाच्या कडेवर बसला आणि बराच वेळ आपल्याच तळव्यांकडे बघत राहिला.

"काय रे?" आईनं विचारलं.

"लढत झाल्यावर सांगतो. आत्ता तिला काही बोलू नकोस."

मी जिंकले होते. माझा वैरी खोटा ठरला होता, आणि ते मी सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं. मग मला आनंद का झाला नाही? पलंगावर ती पडली होती, तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, म्हणून.

संध्याकाळी पहिली फेरी मुंगीनं मारली. लांब हात, समोरचीला जवळच येऊ देईना. दुसरी बरोबरीत गेली. मग ती कोपऱ्यात आली, स्टुलावर बसली, आणि तिची मांडी आपोआप थरथरत होती. मामानं मला तिच्या तोंडाशी धरलं.

"गुळणी कर. थुंक."

ती गिळत राहिली. त्यानं मला मागे ओढलं, तर तिनं ग्लोव्हज घातलेल्या दोन्ही हातांनी मला धरून ठेवलं. मामानं मग सोडून दिलं. "पी बाळा," तो हळूच म्हणाला. "पी."

घंटा झाली. तिसऱ्या फेरीत तिचं डोकं सगळं ओळखत होतं, पाय ऐकत नव्हते. पडली नाही. शेवटपर्यंत उभी होती. पण पंचांनी हात दुसरीचा वर केला.

परतताना विमानतळावर मामानं सगळं सांगितलं. मग बॅग उघडून वजनकाटा बाहेर काढला आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाला. माझ्या मनात वाजंत्री सुरू झाली.

"मामा, ठेव तो," मुंगी म्हणाली. "त्याची काय चूक? आपण ठेवला तिथे. आणि तू काय मुद्दाम ठेवलास?"

मामानं वजनकाटा छातीशी धरला आणि भर गर्दीत रडला. मुंगीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि मी? त्याही वेळी मनात हेच की, बघा, अजून त्याचीच बाजू घेते!

त्यानंतर मुंगी वरच्या गटात खेळली. भाकरी-भात पोटभर खाऊन, पाणी पिऊन. देशाच्या संघात ती गेली नाही. पण बऱ्याच लढती जिंकली, आणि एकदाही पुन्हा माझ्यात थुंकली नाही. आता ती शिकवते. मामा खुर्चीवर बसून ओरडतो. आई अजून खाली इस्त्रीकडे लक्ष ठेवते, सांगूनही घरी बसत नाही.

वजनकाटा अजून आहे. काचेला चरा गेलाय, तरी त्याची ऐट तीच. उद्या पोरींना घेऊन सगळे बसनं लांबच्या स्पर्धेला चाललेत आणि तोही चाललाय. नुसता तो नाही, त्याच्या पायांखाली घालायला मुंगीनं एक सपाट लाकडी फळी करून घेतलीय. फळीसुद्धा टॉवेलात गुंडाळली. फळीला टॉवेल!

माझ्या झाकणाचे आटे झिजलेत. मी खिडकीत होते. मला वाटलं, संपलं. पोरींकडे रंगीत, नव्या बाटल्या आहेत. मी मनातल्या मनात एवढंच म्हणत होते की मला टाका, पण त्याच्यासमोर टाकू नका.

तेवढ्यात आई वर आली. मला उचलून तिनं हलवलं, तिची बोटं ओली झाली.

"मुंगे, ही गळते गं. बॅगेत कशी ठेवायची?"

बॅगेची चेन लावता लावता मुंगी म्हणाली, "बॅगेत नाही ठेवायची. भरून घे आणि मांडीवर उभी धर."