वाळवीने न खाल्लेले पान

“सदर शुभवर्तमानाचा ग्रंथ जीर्ण झाला आहे. त्याचे एक पान वाळवीने नष्ट केले असून समासांत जागोजागी अनधिकृत लेखन आढळते. सबब, ग्रंथ आदरपूर्वक मातीत पुरावा.” पिरंगुटच्या आमच्या प्रार्थनामंडळाच्या पाहणी अहवालातील हे चौथे कलम. त्याखाली सचिव निरंजन यांची लफ्फेदार सही आहे.

मित्रांनो, मी तो जीर्ण ग्रंथ. येशूच्या एकाच आयुष्याच्या चार हकिकती, त्यांतल्या न जुळणाऱ्या तपशिलांसह, मी पोटात बाळगतो. त्यामुळे कोणतेही निवेदन न तपासता मानण्याची सवय मला लागलेली नाही. माझी शिवण ढिली आहे, हे मान्य. पण वाळवी? वाळवी वळणे घेत खाते आणि मागे माती ठेवते. माझे पान मात्र शिवणीपासून बोटभर अंतरावर, वरपासून खालपर्यंत एका सरळ रेषेत गेले आहे, आणि शेजारच्या पानाला साधे छिद्रही नाही. पोलादी पट्टी लावून जेवणारी वाळवी मुळशी तालुक्यात अजून कोणी पाहिलेली नाही. राहिला प्रश्न अनधिकृत लेखनाचा. त्यासाठी मला माझे आयुष्यच सांगावे लागेल.

मी छापखान्यातून निघालो तेव्हा माझी लाल कापडी बांधणी कोरी होती आणि कण्यावर सोनेरी क्रूस होता. पुण्यातल्या एका मोठ्या चर्चमध्ये मला उंच स्टँडवर ठेवले गेले. मला धूप दाखवत, फादर माझ्यावर ओठ टेकवत, मला उघडले की शेकडो लोक उभे राहत आणि मिटले की बसत. सोळा वर्षे माझा सन्मान झाला. मला कोणी काही विचारल्याचे मात्र आठवत नाही. मग नवी आवृत्ती आली आणि मी कपाटात गेलो, मेणबत्त्यांची थोटके आणि नाताळच्या कागदी चांदण्या यांच्या मधोमध. तिथल्या अंधारात मी स्वप्ने पाहायला शिकलो. माझ्या पानांतल्या गालीलच्या सरोवरावर धुके उतरे, नावा दिसेनाशा होत, आणि कोळी एकमेकांना हाका मारीत. त्यांना उत्तर कोण देते, ते कळण्याआधीच स्वप्न संपे.

एके दिवशी कपाट उघडले. कंपनीतल्या कामगारांना डबे पुरवणारी साळूबाई फादरांना म्हणाली, “नवं नको मला. नवं बघून लोकं हातबी लावत न्हाईत.” तिने मला डब्यांच्या पिशवीत घातले आणि पौडच्या बसने पिरंगुटला आणले. हैबतरावांच्या चाळीतली शेवटची खोली मंडळाने प्रार्थनेसाठी घेतली होती. दर शुक्रवारी पाळी सुटली की वीसेक माणसे तिथे जमत. त्यांच्या कपड्यांना यंत्राच्या तेलाचा वास असे.

साळूबाईने तिथे एक रीत घातली. वाचन झाले की सगळ्यांनी गप्प बसायचे. मग ती एकेकाला विचारी, “आज तू कुटं उभा हायेस?” ज्याने त्याने त्या गोष्टीतला आपल्याजोगा माणूस शोधायचा आणि त्याच्या शेजारी, माझ्या समासात, आपले नाव लिहायचे. तेही माझ्या कण्याला सुतळीने बांधलेल्या पेन्सिलीनेच. “शाईनं न्हाई,” ती बजावे. “माणूस एका जागी ऱ्हात न्हाई. पुढल्या साली उठून दुसरीकडं बसंल.”

ती स्वतः मार्थेपाशी, म्हणजे प्रभू घरी आला तरी चुलीशी राबणाऱ्या बाईपाशी, होती. स्वयंपाकघरातून उठायला तिला सवड नव्हती. तिचा मुलगा कोंडाजी कंपनीत पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर काम करी. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उसकटून आत प्रभूपुढे सोडल्याची गोष्ट निघाली, तेव्हा तो म्हणाला, “सगळे घरी गेल्यावर कौलं कुणी बसवली? मी त्यो.” असा माणूस माझ्या मजकुरात नाही. पण कोंडाजीचे नाव छपरापाशी पडले, आणि तेव्हापासून ते छप्पर मला शाकारलेले दिसते.

हैबतराव आमच्या धर्माचे नव्हते. ते उंबऱ्याशी तंबाखू मळत बसत. उधळ्या मुलाची कथा ऐकून ते एकदा म्हणाले, “पर ह्या म्हाताऱ्यानं जित्तेपणी वाटणी केलीच कशाला?”

“तुमी न्हाई का केली?” साळूबाई म्हणाली.

“म्हून तर इचारतोय.” त्यांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. “माजं नाव त्या थोरल्यापाशी लिवा. रान राखलं त्यानं, आन् जेवणावळ धाकट्याला.”

“तुमी आमच्यातले न्हाई, हैबतराव.”

“नसंल. गोष्टीतला तरी हाय का न्हाई?”

नाव लिहिले गेले. हेच ते अनधिकृत लेखन.

खोली बंद झाली की समासातली नावे हलकेच मजकुरात उतरत. माझ्या सरोवराच्या काठी आता मुळशी धरणावरचे धुके येई. साळूबाई मार्थेच्या हातची भाकरी उलटे, हैबतराव मेजवानीच्या दाराबाहेर रुसून उभे राहत, आणि नावेतल्या हाकांना कोंडाजी काठावरून ओ देई. उत्तर कोण देते, ते मला अखेर कळले होते.

मग प्रेसमध्ये कोंडाजीच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. यंत्राचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी, काढलेली होती. कोंडाजीचे म्हणणे होते की काम उरकावे म्हणून पाळीच्या सुपरवायझरने ती काढायला लावली. सुपरवायझर म्हणजे निरंजन: साळूबाईच्या हाताखाली धर्मशिक्षण घेतलेला, मंडळातला सर्वांत सुरेल वाचक. कंपनीच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की गार्ड कामगाराने स्वतःच काढला. कोंडाजी निष्काळजी ठरला आणि कामावरून गेला. सर्वांत मोठा घाव मात्र घरी बसला.

“निरंजन खोटं न्हाई बोलायचा,” साळूबाई मुलाला म्हणाली. “त्यो शुभवर्तमान वाचतो.”

“आये, बोटं माजी गेली,” कोंडाजी म्हणाला, “आन् साक्ष त्याची खरी व्हय?”

तो जवळच्या सूस गावी गेला आणि एका सोसायटीत रखवालदार झाला. आईकडे येणे त्याने सोडले. मित्रांनो, अशी चूक फक्त भाविक माणसेच करू शकतात. जो मला चांगले वाचतो, तो मला मानतोच, असे त्या बाईने धरले.

त्यानंतरच्या पवित्र शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वाचन निरंजनकडे होते. अंगणात शेकोटी पेटली आहे, पेत्र या शिष्याला ‘तू त्याच्यातलाच ना?’ असे तीनदा विचारले जाते, तीनदा तो नाकारतो, कोंबडा आरवतो, आणि पकडून नेलेला प्रभू वळून त्याच्याकडे पाहतो. तिथे निरंजनचा आवाज थांबला. त्याने पेन्सिल घेतली नाही. खिशातले बॉलपेन काढून, कागद फाटेल इतके दाबून, पानाच्या तळाशी चार ओळी लिहिल्या आणि कोणी पाहण्याआधी मला मिटले. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारी दुपारी तो पोलादी पट्टी आणि ब्लेड घेऊन एकटा आला. वाळवीचा वृत्तांत तो एवढाच.

कलम चौथे मंजूर झाले आणि मला पुरण्याचे काम साळूबाईकडे आले. हैबतरावांनी पेरूखाली खड्डाही खणून दिला. पुरण्याआधी माझ्या समासातली सगळी नावे वहीत उतरवून घ्यावीत, म्हणून ती दुपारी मला मांडीवर घेऊन बसली. तिला आता अंधूक दिसते. ती आधी बोट फिरवते, मग वाचते. कापलेल्या पानाच्या पुढच्या पानावर, प्रभूची चौकशी करणाऱ्या पिलाताच्या गोष्टीखाली, तिचे बोट अडखळले. कोऱ्या समासात खाचा होत्या. नाण्यावर कागद ठेवून मुले पेन्सिल घासतात, तशी तिने पेन्सिल आडवी धरून हलके घासली. काळ्या धुक्यातून पांढरी अक्षरे वर आली, जशी नाव काठाला येते.

तिने ती अक्षरे दोनदा वाचली. मग तिने मार्थेपाशी असलेले आपले नाव खोडले आणि माझ्या शेवटच्या पानांकडे गेली. तिथे बायका प्रभूच्या रिकाम्या कबरेची बातमी आणतात आणि घरातलेच लोक ती थोतांड मानतात. त्या न मानणाऱ्यांच्या शेजारी तिने लिहिले: साळूबाई. नंतर फोन लावला. “कोंडाजी, शुक्रवारी ये. मी उठून दुसरीकडं बसलेय.”

मित्रांनो, मला वाळवीपासून, ओलीपासून जपा, एवढी विनंती कोणताही ग्रंथ करील. माझी विनंती निराळी आहे. मला कोरा ठेवू नका. माझ्यात आपली जागा शोधा. आणि ती सापडली, तर ते पान कापू नका.

शुक्रवारी खोली भरली. हैबतराव उंबऱ्याशी होते, आणि त्यांच्या मागे, उजवा हात खिशात ठेवून, कोंडाजी उभा होता. साळूबाईने मला उघडून निरंजनच्या हातात दिले. पान काळे होते, अक्षरे पांढरी होती.

“वाच, लेकरा,” ती म्हणाली. “आवाज तुजा चांगला हाय.”

“मावशी, हे…”

“आज तू कुटं उभा हायेस?”

 त्याने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या दिवशी त्याचे वाचन मुळीच सुरेल नव्हते. तो वाचू लागला:

“गार्ड मीच काढायला लावला. चौकशीत मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी म्हणालो, मला माहीत नाही. तिसऱ्या वेळी कोंडाजीनं वळून माझ्याकडं पाहिलं.”