आत सोडत नाहीत

"पाळकसाहेब, मला तहान द्या," हिम्मतराव पारधे म्हणाले.

"तहान गेली. मुकुंदरावांनी घेतली."

"मग क्षमा?"

"क्षमा योगिनीताईंची असते दरवर्षी. त्यांची पाठ आहे."

झावळ्यांच्या रविवारची उपासना संपली होती आणि सिकंदराबादच्या मराठी मंडळीत उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, वाटणी चालली होती. वधस्तंभावरून ख्रिस्त सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर सात जणांनी दहा-दहा मिनिटं बोलायचं, असा इथला रिवाज. नगर-सोलापूरकडची माणसं रेल्वेच्या नोकरीला इथं आली, त्या काळी बोलायला मिळावं म्हणून भांडणं होत. आता सात बोलणारे पुढे बसवले की ऐकायला बहुतेक बाकंच उरतात. चर्च तेलुगू मंडळीचं. सकाळ त्यांची, संध्याकाळ तमिळांची, मराठीला दुपारी बारा ते तीन. एप्रिलातली ती वेळ कुणालाच नको होती. शास्त्राप्रमाणे मात्र वधस्तंभाची वेळ तीच होती.

पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे', हा सगळ्यांचा आवडता. हैदराबादच्या उन्हात त्यावर दहा मिनिटं कुणीही बोलू शकतो. चौथा कुणालाच नको असे. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' छापील पुस्तकात 'त्याग का केलास' असं आहे, पण त्याग हा शब्द मंडळीत फक्त निरोप समारंभात वापरला जाई. म्हातारी माणसं 'का सोडलंस' असंच म्हणत आली होती.

तो उद्गार एकनाथराव मास्तरांकडे असे. जगाचं पाप लेकावर लादलेलं, पवित्र बापाला पाप बघवत नाही, म्हणून बापानं तोंड फिरवलं, असं ते दरवर्षी त्याच जागी खोकून सांगत. आता मास्तर लेकीकडे कुकटपल्लीला राहायला गेले होते, आणि जावयाला इतक्या उन्हात गाडी काढायचा उत्साह नव्हता.

"चौथा तुम्ही घ्या," पाळकसाहेब म्हणाले. ते तरुण होते, सोलापूरहून नुकतेच आलेले. "नाव बघा तुमचं. हिम्मतराव."

"नाव आज्यानं ठेवलं. माझा त्यात काही हात नाही."

"पण तुम्हाला अनुभव..." एवढं बोलून पाळकसाहेब थांबले आणि चष्मा पुसू लागले.

हिम्मतरावांची बायको जयवंताबाई मागे झावळ्या गोळा करत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "घ्या की. सोडायचं तुम्हाला चांगलं जमतं."

चौथा उद्गार हिम्मतरावांच्या गळ्यात पडला.

हिम्मतरावांचा धंदाच सोडण्याचा होता. शाळेची पिवळी व्हॅन. सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, दुपारी घरी सोडायचं. पारधे अंकल सोडतात म्हटलं की आया निर्धास्त होत. त्यांनी कधी कुणाला चुकीच्या दारात सोडलं नव्हतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत शाळा बंद होत्या आणि व्हॅन नुसती उभी होती. त्यांचा एकुलता मुलगा शांतवन दिलसुखनगरच्या मोबाइलच्या दुकानात कामाला होता. एका दुपारी त्याला धाप लागली ती थांबेना. हिम्मतरावांनी त्याला व्हॅनच्या मागच्या बाकावर आडवा केला. जयवंताबाईंनी पायात चपला घातल्या होत्या, पदर तोंडाला बांधला होता. हिम्मतराव म्हणाले, "तू थांब. मी सोडून येतो."

त्या थांबल्या. मुलगा परत आला नाही.

दवाखान्याच्या गेटावर हिम्मतरावांनाही अडवलं होतं. आत सोडत नाहीत, म्हणाले. मग ते समोरच व्हॅन लावून बसून राहिले, शेवटची बातमी येईपर्यंत. जयवंताबाईंना हे माहीत होतं. पण बाहेर बसणं त्यांच्या हिशेबी घरी बसण्यासारखंच होतं, फक्त डिझेल जास्त. तेव्हापासून दर उत्तम शुक्रवारी चौथा उद्गार आला की त्या उठून बाहेर नळापाशी जात आणि पाचव्याला परत येऊन बसत. मंडळीला त्याची सवय झाली होती.

जयवंताबाईंना माहीत नव्हती ती गोष्ट निराळीच होती.

सगळं संपल्यावर वॉर्डातली आया शांतवनचा मोबाइल आणि चपला पिशवीत घालून गेटावर आली. अंगावर तो प्लॅस्टिकचा झगा, त्यातून नुसते डोळे दिसणारे. ती म्हणाली, "बच्चा भोत याद करा, भाई. पूरा टाइम एकीच बात पूछ रा था. आई? आई? मैं बोली, नै आई, बेटा. बाहर से किसी कू छोड़ते नै. कोई नै आई, तू सो जा. फिर बी पूछ रा था."

हिम्मतराव सिकंदराबादेत जन्मले होते. मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषा त्यांना सारख्याच येत होत्या. त्या क्षणी एखादी कमी येत असती तर बरं झालं असतं.

त्यांनी पिशवी घेतली, शुक्रिया म्हटलं आणि घरी आले. जयवंताबाईंनी विचारलं, "काही म्हणाला का शेवटी?"

"बेशुद्ध होता," हिम्मतराव म्हणाले.

बुधवारी रात्री जेवताना जयवंताबाई म्हणाल्या, "मास्तरासारखं तोंड फिरवलं म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काही पण म्हणा. पोरगं ओरडतंय आणि हा तोंड फिरवून उभा. असला बाप असेल तर त्याच्या घरी मला जायचं नाही. स्वर्ग असू दे नाहीतर काय पण असू दे."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"शेजारी तेलुगू आहेत. त्यांना काय कळतंय?"

हिम्मतरावांनी भाकरी मोडली. "तू सांग ना मग, काय बोलू ते."

"मला काय विचारायलात?" त्या म्हणाल्या. "मी घरी होते."

हिम्मतराव ताटाकडे बघत राहिले. सांगितलं, तर पोरानं शेवटपर्यंत तिलाच हाक मारली हे तिला कळेल. पण मग त्याला मिळालेलं उत्तरही कळेल. अर्धंच सांगायची काही सोय नव्हती. त्यांनी भाजी वाढून घेतली. ती नको होती.

उत्तम शुक्रवारी चर्चमधले पंखे गरम हवा इकडून तिकडे करत होते. योगिनीताईंनी क्षमा पाठ म्हटली. दुसरा झाला. तिसरा उद्गार आईबद्दलचा: बाई, हा पाहा तुझा मुलगा. त्या उद्गाराला जयवंताबाई ताठ बसून असत. त्या दुसऱ्या आईला कुणी अडवलं नव्हतं, ती खांबापाशी जाऊन उभी राहिली होती. त्या असं कधी बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या पाठीकडे बघून कळे.

मग हिम्मतराव उठले आणि जयवंताबाईही उठल्या. हिम्मतराव पुढे गेले, त्या बाहेर गेल्या. थोड्या वेळानं खिडकीतून नळाचा आवाज येऊ लागला.

"मास्तर सांगायचे की बापानं तोंड फिरवलं," हिम्मतरावांनी सुरुवात केली. "मास्तर शिकलेले. मी व्हॅन चालवतो. पण सोडणं मला थोडं कळतं. आपण पोराला शाळेत सोडतो. कुणी बायकोला सोडतो. आणि गेटावरचा माणूस म्हणतो, आत सोडत नाही. सगळीकडं शब्द एकच. मला काय वाटतं, त्या दिवशी बापाला आत सोडलं नसेल."

पाळकसाहेब खोकले.

"शास्त्रात नाही हे, मला माहीत आहे, साहेब. देवाला कोण अडवणार. पण बाप आहे म्हणता ना त्याला? बापाला अडवतात. मी बघितलंय. तो बाहेर बसला असेल. पण आतल्याला काय त्याचं? त्याला बाहेरचं दिसतंय का? त्याला एवढंच कळतं की कोणी आलं नाही. म्हणून तो ओरडला. बरोबरच ओरडला. आणि त्याला उत्तर आलं नाही. ते काय असणार होतं, मला पण माहीत नाही."

त्यांनी पुस्तकाचं पान उगाच पुढेमागे केलं.

"याच्या पुढची ओळ आपण कधी वाचत नाही. तो म्हणाला, एली, एली. म्हणजे माझ्या देवा. पण तिथं उभी होती ती माणसं म्हणाली, हा एलीयाला बोलावतोय. एलीया म्हणजे जुना संदेष्टा, त्याचं इथं काय काम? पण त्यांना तसं ऐकू आलं. माणूस मरायलाय, हाक मारायलाय, आणि ऐकणारे भलतंच ऐकायलेत." ते थांबले. "आमच्या शांतवननं पण हाक मारली होती."

बाहेरचा नळ बंद झाला.

"तो म्हणाला, आई. आई. सारखं. तिथली आया उर्दू बोलणारी. तिला वाटलं, हा विचारतोय, आली का? ती म्हणाली, नै आई." हिम्मतरावांनी रुमाल काढला, पण तो हातातच राहिला. "ती वाईट नव्हती. डोक्यावरनं हात फिरवत असणार, आवाजावरनं कळत होतं. तिनं खोटं पण सांगितलं नाही. एवढंच. माझं झालं."

ते येऊन बसले. दहातली निम्मी मिनिटं उरली होती. मुकुंदरावांनी ती तहानेत धरली.

जयवंताबाई पाचव्याला आत आल्या नाहीत. सहाव्यालाही नाही. त्या दारात उभ्या होत्या, हात ओले, तसेच पुढे धरलेले.

तीन वाजता सगळे घरी निघाले. उत्तम शुक्रवारी कुणी हात मिळवत नाही, त्यामुळे काय बोलावं हा प्रश्न मंडळीला पडला नाही. जयवंताबाई व्हॅनमध्ये नेहमी मागे, पोरांच्या बाकावर बसत. आज त्यांनी पुढचं दार उघडलं.

"इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"काय सांगू? नै आई?"

चौकात हिम्मतरावांनी उजवा दिवा लावला.

"डावीकडं घ्या."

"घर उजवीकडं आहे."

"घर कुठं आहे ते माहीत आहे मला."

हिम्मतरावांनी डावीकडे घेतलं. दवाखान्याचं गेट तेच होतं, रंग नवा होता. आता कुणाला अडवत नव्हते. माणसं डबे घेऊन, नारळ घेऊन सरळ आत जात होती. जयवंताबाई उतरल्या, पदर सारखा केला आणि गेटापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत मात्र गेल्या नाहीत. वॉचमन खुर्चीवरून उठला.

"किधर जाना अम्मा? कौन है अंदर?"

"बेटा था."

"डिस्चार्ज हो गया क्या?"

जयवंताबाईंनी मान हलवली. हो की नाही, ते त्याला कळलं नाही. उन्हाचा त्रास झाला असेल, असं त्याला वाटलं. चांगला माणूस होता. त्यानं आतला फोन उचलला.

"किसकू बुलाऊँ, अम्मा? क्या बोलूँ अंदर? कौन आई बोलूँ?"

"आई आई," जयवंताबाई म्हणाल्या. "इतनाच बोलो. आई आई."

"हौ अम्मा, आई ना, दिख रा," वॉचमन म्हणाला, आणि फोन ठेवून त्यानं आपली प्लॅस्टिकची खुर्ची सावलीत सरकवली. "बैठो जरा. पानी पियो."

जयवंताबाई बसल्या. पाठ ताठ, पर्स मांडीवर, भेटायची वेळ व्हायची आहे अशा.

रस्त्याच्या या बाजूला हिम्मतरावांनी इंजिन बंद केलं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते गेटाकडे बघत व्हॅनमध्येच बसून राहिले.