नागलीतले फोटो

डॉ. ललित गर्गे यांची नीटनेटकेपणावर जेवढी श्रद्धा होती, तेवढी ती यकृतावर असती, तर नाशिकच्या त्या धर्मादाय रुग्णालयातला सोनोग्राफी विभाग बराच पुढे गेला असता, असं डॉ. तृप्ती गायधनी यांचं मत होतं. हे मत त्यांनी आठ वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आणि ज्या मताला तोंड फुटत नाही, त्याला धार चढत जाते.

गर्गे विभागप्रमुख होते. त्यांच्या खोलीत जे जे कागदी होतं ते सगळं लॅमिनेट केलेलं होतं: पदव्या, सत्कारांची मानपत्रं, एसटीचं वेळापत्रक, आणि 'कृपया शांतता राखा' ही पाटी, जिच्याखाली ते स्वतः मोठ्याने फोनवर बोलत. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांत घातलं की ज्ञान टिकतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. प्रामाणिक समजुतींनी या देशातल्या विद्येचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं लबाडीलाही जमलेलं नाही.

तृप्ती गायधनींचं काम दिसायला अगदी साधं होतं. १९९४ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या पेठला जात. तिथे शाळेच्या एका खोलीत संशोधन निधीने दिलेलं सोनोग्राफीचं मशीन होतं. जुन्या काविळीने किंवा दारूने ज्यांचं यकृत आक्रसून टणक झालं होतं, अशी दोनशे बारा माणसं त्यांच्या यादीत होती. अशा यकृतात पुढे कॅन्सरची गाठ धरण्याची भीती असते. तृप्तीबाईंचा प्रश्न एवढाच होता: साध्या मशीनने दर सहा महिन्यांनी पोट पाहिलं, तर ती गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असतानाच सापडेल का? कारण एवढीशी गाठ असेल तर बारीक सुईने तिच्यात शुद्ध अल्कोहोल सोडून तिला जाळता येत होतं. आठ वर्षांत अशा अकरा गाठी सापडल्या. अकरापैकी आठ माणसं अजून शेतात राबत होती.

त्या आठांतला पुंजा भोये या उपचारावर खूश होता. "आधी तोंडानं घेतली तर तुमी बोंबललात," तो म्हणे, "आन् आता तुमीच सुईनं पाजता. तुमची मातर लय थोडी ऱ्हाते, बाई."

आता, २००२च्या मे महिन्याच्या वीस तारखेला, निधीची तीन तज्ज्ञांची समिती मुंबईहून येणार होती. त्यांना आकडे नको होते, गाठींची मूळ चित्रं पाहायची होती. ती पटली तर मशीन पेठला राहणार आणि तपासणी चालू राहणार. नाही पटली तर मशीन परत जाणार. मागणी रास्तच होती. आकडे कोणीही लिहितो.

समिती यायच्या आठवडाभर आधी तृप्तीबाई ओझरला चुलतबहिणीच्या लग्नाला दोन दिवस गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर चित्रांचा खोका होता आणि शेजारी गर्गे हात मागे बांधून उभे होते, देणगीदार उभे राहतात तसे.

"तुमचं काम हलकं केलं," ते म्हणाले. "सगळी चित्रं लॅमिनेट करून आणवली. समितीपुढे ती सुरकुतलेली चिटोरी ठेवायची म्हणजे विभागाची शोभा."

तृप्तीबाईंनी वरचं चित्र उचललं. ते काळं होतं. दुसरं काळं होतं. त्यांनी मधूनच गठ्ठा उपसला. तोही वरून खालपर्यंत काळा, गुळगुळीत आणि चकचकीत होता.

"सर, हा कागद उष्णतेने काळा होतो."

"चित्र उष्णतेनेच तर उमटतं. तुम्हीच सांगितलं होतं."

"हो. मशीन हवी तिथेच उष्णता देतं. दुकानदाराने लॅमिनेट करताना ती सगळीकडे दिली."

दुकानदाराची तरी काय चूक? त्याने राजूला सांगितलं, "पोटाच्या आतले फोटो, आत अंधारच असणार असं वाटलं मला." या सगळ्या प्रकरणात तर्काला धरून बोललेला तो एकटाच माणूस.

राजू पगारे म्हणजे विभागाचा टेक्निशियन. पेठच्या प्रत्येक फेरीला मशीनचा चित्र छापायचा खटका दाबणारा तोच. गर्गे गेल्यावर त्याने खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मॅडम, डबल."

"काय डबल?"

"कॉप्या. पुंजानं भांडण केलं होतं ना पहिल्या वर्षी."

तृप्तीबाईंना आठवलं. पेठच्या बाजाराला फोटोवाला येतो, फोटो काढतो आणि ज्याचा त्याला देतो. पुंजाचं म्हणणं, पोट माझं, तर फोटो तुमच्याकडे कसा? दिला नाही तर पुढच्या वेळी आडवा होणार नाही. पुंजा अडला तसे सगळेच अडले. तेव्हापासून राजू खटका दोनदा दाबू लागला: एक विभागाला, एक मालकाला. यावर गर्ग्यांनी 'कागदाच्या अपव्ययाबाबत' एक कडक ज्ञापन काढलं होतं, आणि तरीही प्रती थांबेनात तेव्हा उधळपट्टी सिद्ध व्हावी म्हणून प्रत्येक जादा प्रतीची नोंद नाव, गाव, तारीख आणि अंगठ्यासह ठेवायला लावली होती. राजूने कपाटातून ती नोंदवही काढली. ज्ञापन पहिल्या पानावर चिकटवलेलं होतं. अर्थातच लॅमिनेट करून.

मूर्खपणा चिकाटीने केला तर कधीकधी तो विद्वत्तेच्या उपयोगी पडतो, असा निष्कर्ष काढून तृप्तीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये बसल्या.

सुरुवात वाईट झाली. गाठ सापडलेल्या अकरांतल्या बुधाने आपला फोटो देवांच्या ओळीत, उन्हात टांगला होता. तो पांढराफटक पडला होता. देवरामने चुलीमागच्या कुडाला खोचला होता. तो लॅमिनेट केल्यासारखाच काळा झाला होता.

पुंजाच्या घरी त्याच्या बायकोने, फुलाबाईने, पाणी दिलं, करवंदं दिली आणि मग सगळं ऐकून घेतलं. "फोटो ना?" ती म्हणाली. "नागलीत हाय."

घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शेणाने लिंपलेली बांबूची कणगी होती, नागलीने म्हणजे नाचणीने भरलेली. फुलाबाईने कोपरापर्यंत हात घातला आणि आधी रेशनकार्ड काढलं, मग सातबारा, मग एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पुंजाचं १९९७ सालचं यकृत होतं: राखाडी, खरबरीत, उजव्या अंगाला सतरा मिलिमीटरची गोल गाठ, कडेला नाव आणि तारीख. जणू काल काढलेलं.

"नागलीला किडा लागत नाय, बाई," फुलाबाई म्हणाली. "जपायाचं ते सगळं तिच्यातच. तुमी कुठं ठेवलेलं?"

"कपाटात."

"मंग बरोबर हाय," फुलाबाई म्हणाली. कपाटाविषयी तिचं मत फारसं चांगलं नसावं.

अंधार, थंडावा, कोरडेपणा: ज्याला उष्णतेचं वावडं, त्या कागदाला अजून काय हवं? संध्याकाळपर्यंत सात कणग्यांतून सात चित्रं निघाली. एक तांदळाच्या मडक्यात होतं. नववं झिपरू गावितचं. झिपरू १९९९ साली गेला होता. त्याची बायको भागीबाई दारात बसून होती.

"फोटो हाय," ती म्हणाली. "पन देनार नाय. त्याचा दुसरा फोटो नाय माझ्याकडं. कधी काढलाच नाय त्यानं."

तृप्तीबाई तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसल्या. आपण ज्याला पुरावा म्हणतो, त्याला या घरात काय म्हणतात, हे त्यांच्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

"नका देऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातातच ठेवा. फक्त नाशिकला घेऊन या. तुमच्या हातातला दाखवा."

हे ऐकल्यावर वाट दाखवायला बरोबर आलेला पुंजाही म्हणाला, की मग मीही माझा तसाच आणीन. आणि पुंजा म्हणाला तसे सगळेच म्हणाले.

वीस तारखेला गर्ग्यांनी सभागृहात प्लास्टिकची फुलं मांडली होती. समितीच्या अध्यक्षा, एक पांढऱ्या केसांच्या कडक बाई, बसतात न बसतात तोच पेठच्या गाडीने आलेली मंडळी धुतलेल्या धोतरांत आणि ठेवणीतल्या लुगड्यांत दारात उभी राहिली.

"यांना बाहेर बसवा," गर्गे हलकेच म्हणाले.

"का?" अध्यक्षा म्हणाल्या. "हे कोण?"

"मूळ चित्रं," तृप्तीबाई म्हणाल्या.

एकेकाने पुढे येऊन पिशवी उघडली. टेबलावर चित्रांबरोबर नागलीचे दाणेही सांडले. अध्यक्षांनी भिंग काढलं, तारखा जादा प्रतींच्या नोंदवहीत तपासल्या, मापं तृप्तीबाईंच्या आकड्यांशी ताडून पाहिली. भागीबाईने चित्र सोडलं नाही. तेव्हा अध्यक्षाच उठल्या, तिच्यापाशी वाकल्या आणि तिच्या हातातलंच पाहिलं.

"हे कुठे आहेत?"

"गेला. पन पोरीचं लगीन करून गेला. ही गाठ दिसली नसती तर तवाच जाता."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं.

"कागदाव इस्वास नसंल तर मशीन आना," पुंजा मधेच म्हणाला. "मी आडवा व्हतो. सकाळधरनं काय खाल्लं नाय, मुद्दाम."

मंडळी शेजारच्या सोनोग्राफीच्या खोलीत गेली. पुंजा सराईतासारखा झोपला, सांगायच्या आत श्वास रोखून धरला. पडद्यावर गाठीच्या जागी एक छोटा, शांत वण दिसला. अध्यक्षा कितीतरी वेळ पाहत राहिल्या. राजूने सवयीने खटका दोनदा दाबला.

"दोन प्रती का?" त्यांनी विचारलं.

"ही आमच्या विभागाची पद्धत आहे," तृप्तीबाईंनी तोंड उघडण्याआधी गर्गे म्हणाले. "पहिल्यापासून. रुग्णाचा हक्क म्हणून."

जादा प्रतींची नोंदवही अध्यक्षांच्या हातातच होती. त्यांनी पहिलं पान उघडलं. टंकलेखनाचा कागद उष्णतेने काळा होत नाही. 'अपव्यय', 'बेजबाबदार', 'तात्काळ बंद करावे', आणि खाली गर्ग्यांची सही, सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, वही मिटली आणि गर्ग्यांच्या हातात दिली.

"हे मात्र छान टिकलंय," त्या म्हणाल्या.

मशीन पेठला राहिलं. त्याचा लेखी आदेश पंधरा दिवसांनी आला. पण कळलं त्याच दुपारी, कारण निघताना अध्यक्षांनी राजूला पुढच्या फेरीची तारीख विचारली आणि डायरीत लिहिली. भागीबाईने आपलं चित्र पिशवीत घातलं, टेबलावरचे दाणे बोटाने टिपून तेही पिशवीत घातले आणि कनवटीला खोचलं.

पुंजा अजून खाटेवरच बसून होता.

"आता काय राहिलं?" तृप्तीबाईंनी विचारलं.

त्याने हात पुढे केला. "माझी कॉपी."