लोरियोच्या सिनेमातली शांतता

लोरियो मेला तेव्हा पॅरिसच्या निम्म्या वर्तमानपत्रांनी त्याला महान म्हटलं, निम्म्यांनी राक्षस. मी जन्मभर त्याच्या सिनेमांचं संकलन केलं. मला विचारायला कुणी आलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मेला खडूस होता आणि त्याला खरंखुरं रडूच लागायचं. नट खोटं रडला की तो "पुन्हा" म्हणायचा. ओरडून नाही, हळूच, लाडानं. त्याचा पहिला सिनेमा कानच्या चित्रपट महोत्सवात लागला तेव्हा अर्धे प्रेक्षक शिव्या घालत उठून गेले, आणि हा आपला खूश.

शेवटच्या सिनेमासाठी त्यानं नायिकेला, सोलेनला, भर थंडीत ब्रिटनीच्या किनाऱ्यावर समुद्रात उभं केलं. ओठ निळे पडले तरी "पुन्हा" चालूच. शेवटी ती पाण्यात कोसळली, आणि नेमकं तेच दृश्य त्यानं ठेवलं. तेव्हापासून तिला काम जमत नाही. आंघोळीच्या टबात पाय घालायलाही घाबरते.

तो गेल्यावर त्या सिनेमाबाबत शेवटचा शब्द त्याच्या मुलाचा. मुलानं हात वर केले. "तुम्हीच काय ते बघा, ओदिल."

मी सोलेनला बोलावून घेतलं. म्हटलं, ते दृश्य तुझ्या डोळ्यांदेखत कापते, मग तरी सुटशील.

ती आली आणि कोटसुद्धा न काढता खुर्चीच्या टोकावर बसली.

"कापलंस की मी निघाले. कॉफीबिफी नको."

"अगं, बस तरी नीट!"

कोसळण्याचं दृश्य मी काढलं, त्या जागी रिकामा समुद्र ठेवला. त्याखाली आवाज हवा होता. एखाद्या ठिकाणचं चित्रीकरण संपलं की आम्ही सगळे जागच्या जागी गप्प उभे राहतो आणि ध्वनिमुद्रक तिथली नुसती शांतता टिपून घेतो. दोन तुकड्यांमधले सांधे झाकायला तीच लागते. या वेळी सोलेनला दवाखान्यात नेण्याच्या धांदलीत ते राहूनच गेलं. म्हणून लोरियोला पुरल्यावर आमचा ध्वनिमुद्रक बाप्तीस्त एकटाच तिथे जाऊन शांतता घेऊन आला होता.

ती लावली. वारा. लाटा. मग कुणाचा तरी श्वास, सिगारेटनं पोखरलेल्या छातीतून शिट्टीसारखा वाजणारा.

"बाप्तीस्तला सर्दी झाली होती का गं?" सोलेननं विचारलं.

बाप्तीस्त ठणठणीत माणूस, रोज सकाळी नदीकाठी धावतो.

"पुन्हा," यंत्रातून आवाज आला. हळूच, लाडानं.

सोलेन ताडकन उठली. मला वाटलं, आता दाराकडे पळेल. तिनं वाकून बूट काढले, मोजे काढले आणि भिंतीकडेला नीट जोडून ठेवले.

"हो, आले," ती म्हणाली आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे दात वाजत होते.

"सोलेन, तो मेलाय गं!" मी किंचाळले. यंत्र बंद करायला हात पुढे केला होता, पण हातच माझं ऐकेना. काढून टाकलेलं दृश्य माझाच हात सवयीनं, सफाईनं, जागच्या जागी परत जोडत होता.